समतोल : शब्द आणि वापर
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लोंढ्याच्या या पावसात एका शब्दाचा अर्थ ऐकायला एवढी मंडळी जमली, यात आरतीनंतरच्या प्रसादाचा वाटा असणारच. असो.

निमित्त घरातलेच. गेल्या वर्षी आमची नात दहावीत होती. विज्ञानाचे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, इक्विलिब्रियमला आपल्यात काय म्हणतात?" आम्ही म्हणालो, "समतोल." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे गप्प बसणं ना? पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला की आई सांगते, काकांशी बोलताना जरा समतोल राख."

हा अर्थ आम्हाला टोचला. म्हणून आजचे हे बोलणे.

मूळ लॅटिन शब्दात ‘एक्वस’ म्हणजे समान आणि ‘लिब्रा’ म्हणजे तराजू. आपल्या शब्दातही सम आणि तोल. तूळ राशीला इंग्रजीत लिब्रा म्हणतात, तो हाच तराजू. तुलना, तुल्य, अतुल ही सगळी त्याच तुळेची भावंडे. कानडीत ‘समतोलन’ म्हणतात, आणि त्यांची ‘तक्कडी’ ती आपली तागडी. म्हणजे मराठीच्या तासाला आणि कानडीच्या तासाला पोरीचे एकाच शब्दावर भागते! आपले खास भांडवल मात्र बाजारपेठेतले. रिकाम्या भांड्याचे वजन मालात धरले जाऊ नये म्हणून दुसऱ्या पारड्यात घालतात तो धडा. तराजूच मुळात एका अंगाला झुकत असेल तर हलक्या बाजूला बांधतात तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे त्यावरूनच आले. आता दुकानोदुकानी इलेक्ट्रॉनिक काटे आले. मुलांना पासंग दाखवायचा कुठे?

पण तराजूने एक घोटाळाही करून ठेवला. काटा थांबला की तोल साधला, म्हणून समतोल म्हणजे न हलणे, असे मनात बसले. रेल्वेच्या गावात तरी हा समज टिकू नये. कॅसलरॉकहून कुळ्याकडे ब्रागांझा घाट उतरणारी मालगाडी घ्या. उतार ३७ ला १, म्हणजे गाडीच्या दर टनामागे सुमारे २७ किलोचा जोर तिला खाली ओढतो. ब्रेक आणि घर्षण मिळून तिला नेमके तेवढेच मागे धरत असतील, तर सरळ रुळावर ती एकाच वेगाने उतरत राहते. ती समतोलात आहे, आणि चालतेही आहे. ब्रेक जरा ढिला पडला की वेग वाढलाच.

वळणावरची गंमत आणखी वेगळी. तिथे बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, त्याला कँट म्हणतात. एका ठराविक वेगाला भार दोन्ही रुळांवर सारखा येतो, आणि रेल्वेच्या भाषेत त्या वेगाचे नावच ‘इक्विलिब्रियम स्पीड’. त्याहून हळू जाणारी मालगाडी आतला रूळ जास्त दाबते, जोरात जाणारी एक्स्प्रेस बाहेरचा. जाणार दोघी एकाच मार्गावरून, म्हणून उंची मधली काढावी लागते. पुरते समाधान कुणाचेच नाही! समोर बसलेली निवृत्त मंडळी हे आमच्यापेक्षा चांगले सांगतील. त्यांनी ते रूळ हाताने उचलले आहेत.

झाकण घातलेल्या भांड्यातल्या पाण्याचेही तसेच. पातळी जागची हलत नाही, पण आत जितकी वाफ उठते तितकीच परत पाणी होत असते. वरून शांत दिसते एवढेच.

हे सगळे नातीला सांगितले. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग आजोबा, एका पारड्यात काका, आत्या, शेजारीपाजारी सगळे बसलेत. दुसऱ्यात मी एकटी. मी गप्प बसले तर काटा मध्ये कसा येईल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही आणि तिची आजी, दोघे तिच्या पारड्यात जाऊन बसलो. जूनमध्ये बेळगावला पीयूसी सायन्सला तिचे नाव घातले. काका, म्हणजे आमचे थोरले चिरंजीव, गणपतीला आले, पाच मोदक खाल्ले. त्या विषयावर मात्र अजून बोललेले नाहीत.