वर्कशॉपसाठी ट्रान्सफॉर्मर घेताना
(मुदखेड येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



काळ्या रानाचा वाफसा दोन-चार दिवसांचा. नेमक्या त्याच दिवसांत वखराची पास बोथट निघते, तिफणीचा फण तुटतो आणि लोहाराकडे रांग लागते. म्हणून पाच-सात जणांनी मिळून गावातच दुरुस्तीचे शेड घालावे, हे आम्ही मागच्या बैठकीत बोललो होतो. त्यावर तीन गावांहून एकच प्रश्न आला. कुणाचा मुलगा सौदीहून परतताना ग्राइंडर घेऊन आला, कुणी मुंबईच्या जुन्या बाजारातून ड्रिल आणले. त्यावर १२० व्होल्ट लिहिलेले आहे आणि आपल्या घरात येतात २३० व्होल्ट. आता कोणता ट्रान्सफॉर्मर घ्यायचा?

ट्रान्सफॉर्मर आपल्याला नवा नाही. गावाबाहेरची डीपी म्हणजे तोच. ११,००० व्होल्ट घेते आणि ४३३ करून देते. ती का जळते हेही आपल्याला ठाऊक आहे. ६३ केव्हीएची डीपी असते, पाच हॉर्सपॉवरची एक मोटार साडेपाच-सहा केव्हीए ओढते, म्हणजे दहा-अकरा मोटारींत तिचे पोट भरले. तिच्यावर वीस जण आकडे टाकतात आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्याला गाव अंधारात बसते. शेडमध्ये आपण हीच चूक छोट्या प्रमाणावर करतो. आम्हीही केली.

शहरातल्या एका दुकानातून आम्ही ट्रान्सफॉर्मर आणला. वर ठळक अक्षरात एक केव्हीए छापलेले. हातात घेतला तर हलका. आम्ही शेतकी पदवीवाले, तरी हलका आहे म्हणून खूशच झालो. दुसऱ्या पासेला धार लावता लावता वार्निश जळाल्याचा वास आला आणि खेळ संपला. आत अॅल्युमिनियमची बारीक तार होती. अॅल्युमिनियम वाईट असते असे नाही, पण तांब्याइतकाच करंट न्यायचा तर त्याची तार जाड हवी, आणि तिथेच पैसे वाचवलेले होते. लोखंड आणि तार यांना वजन असतेच. दीड केव्हीएचा चांगला ट्रान्सफॉर्मर एका हाताने सहज उचलत नाही.

तेव्हा आधी हत्यारावरची पट्टी वाचा. १२० व्होल्ट, ७ अँपिअर असेल तर गुणाकार ८४०. पण सुरू होताना मोटार याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि चाक लोखंडात रुतले की पुन्हा ओढते. म्हणून ८४० ला एक केव्हीए पुरणार नाही. दीड घ्या, दिवसभर काम असेल तर दोन. दोन हत्यारे एकदम चालणार असतील तर बेरीज करूनच घ्या.

प्रवासी लोक वापरतात तो मुठीएवढा डबा, वर १६०० वॅट लिहिलेला, तो ट्रान्सफॉर्मर नव्हे. तो विजेची लाट कापून देतो. इस्त्रीला चालतो, मोटारीला जाळतो.

आता सायकलचे. आपली वीज ५० सायकलची, सौदी आणि अमेरिकेची ६०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. कार्बन असलेले हातातले ग्राइंडर आणि ड्रिल याला जुमानत नाहीत. पण बाकावरचे दोन चाकांचे बिनकार्बनचे ग्राइंडर सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि तापेल. ते विकत घेऊच नका.

सगळ्यात महत्त्वाचे आपल्या व्होल्टेजचे. २३० चे निम्मे ११५ करणारा ट्रान्सफॉर्मर प्रामाणिकपणे निम्मेच करतो. रब्बीत मोटारी चालू झाल्या आणि घरात १७० आले, की तो ८५ देणार. ड्रिल अडकते, गुरगुरते, तापते. दुकानदार सांगतो, १८० ची टॅप असलेला घ्या. घ्या जरूर, पण रात्री मोटारी बंद झाल्या आणि २५० आले तर त्याच टॅपवर १६० व्होल्ट निघतात आणि हत्यार क्षणात जाते. म्हणून टॅपवाला घ्यायचा तर शेजारी व्होल्टमीटर बसवा, आणि काटा बघितल्याशिवाय बटण दाबायचे नाही हे पोरांना दटावून सांगा.

दुसरी गोष्ट जिवाची. स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर बहुधा एकाच वाइंडिंगचा असतो, त्याला ऑटो म्हणतात. तांबे-लोखंड जवळपास निम्मे लागते, म्हणून तो स्वस्त. पण त्यात आतली आणि बाहेरची वीज जोडलेलीच राहते. खालच्या भागातली तार तुटली तर हत्याराला सगळे २३० मिळतात. प्लगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील (आणि आपल्याकडे कोण बघतो!), तर ११५ चे हत्यार धरलेल्या माणसालाही जमिनीपर्यंत २३० चा झटका बसू शकतो. मातीची जमीन, अनवाणी पाय, त्यात पावसाळा. म्हणून दोन वेगळ्या वाइंडिंगचाच घ्या. ओळखायचे सोपे आहे. दुकानातच, वीज न लावता, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पिनांमध्ये मीटर लावायला सांगा. जोड दाखवला तर ऑटो. पेटी परत द्या.

लोखंडी पेटीला अर्थिंग हवेच. आणि अर्थिंग एकदा पुरले म्हणजे झाले असे नाही. आपली काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, सळईपासून सुटते. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर घागरभर पाणी ओतत राहा. फ्यूज आतल्या बाजूला, म्हणजे २३० कडे लावा. दीड केव्हीएला साडेसहा अँपिअर येतात. तिथे जाड तार गुंडाळू नका. बाहेरच्या बाजूला करंट दुप्पट असतो, म्हणून ती केबल अडीच चौरस मिलिमीटरची घ्या.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. एकच जुने ग्राइंडर असेल तर ते विका आणि सरळ २३० व्होल्टचे घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या पैशात ते कदाचित येऊनही जाईल. तीन-चार चांगली हत्यारे हाताशी असतील, तरच ट्रान्सफॉर्मर परवडतो. ज्या तीन गावांनी विचारले त्यांनी पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक हत्याराची पट्टी कागदावर उतरवून आणावी. त्याबरोबर आठ दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री घरातले व्होल्टेज किती येते तेही लिहून आणावे. मीटर आमच्याकडे दोन आहेत, जाताना घेऊन जा.