फ्रीजमधलं पेन आणि अर्धशिशी

मी आळंदीचा, चाकणला शिफ्टमध्ये कामाला. अर्धशिशी उठली की उजेड नको, आवाज नको. आणि कार्तिकीला आमच्या गल्लीत आवाज नाही असं कसं होईल? त्यात उपास, म्हणजे हमखास!

गोळ्या खात राहिलो. डॉक्टर म्हणाले, महिन्याचे पंधरा-पंधरा दिवस वेदनाशामक घेतलीस तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं. मग सुरू झालं एरेनुमॅब, महिन्यातून एकदा. अमेरिकेत याला २०१८ साली मंजुरी मिळाली. सीजीआरपी नावाचं प्रथिन मज्जातंतूंतून सुटतं आणि दुखणं पेटवतं. हे औषध ते जिथे चिकटतं ती जागाच अडवून बसतं. पण उठलेली कळ यानं थांबत नाही हं, हे फक्त आधीचं कुंपण.

पेन फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत. पहिलं पेन आईनं बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठलं, फेकलं. एवढं महागाचं! आई दोन दिवस बोलली नाही.

टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढतो. मांडीत घेतो, पोटावर घ्यायचं तर बेंबीपासून दोन इंच लांब. खिडकी पिवळी होईपर्यंत दाबून धरायचं. मला बद्धकोष्ठ झालं, डॉक्टरांना सांगितलं. बीपीही तपासतात.

यंदा एकादशीचा उपास आई एकटीच करणार आहे.