ड्राफ्ट म्हणजे काय रे भाऊ?

(मंडळाच्या झूटरमेर येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



जेवणाच्या आधी बोलायला उभ्या केलेल्या वक्त्याकडून श्रोत्यांची एकच अपेक्षा असते, त्याने आटोपतं घ्यावं. ती मी पूर्ण करणार आहे. विषय खेळाचा आहे, पण मैदानावरच्या खेळाचा नाही. खेळाडू मैदानात उतरण्याआधी तो कुठल्या संघात जाणार हे कोण ठरवतं आणि कसं ठरवतं, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

निमित्त खो-खोचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. १९ तारखेला भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं आणि महिलांनी ७८-४० असं. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. आणि मंडळी, त्या स्पर्धेत आपल्या या नेदरलँड्सचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ खेळले! शाळेच्या पटांगणात गुडघे फोडून घेताना आपल्यापैकी कुणाला तरी हे स्वप्नात आलं असतं का?

या विश्वचषकाच्या अडीच वर्षं आधी, जुलै २०२२ मध्ये, पुण्यात एक वेगळीच गोष्ट झाली होती. 'अल्टिमेट खो-खो' ही सहा संघांची व्यावसायिक लीग सुरू होणार होती आणि तिच्यासाठी खेळाडू वाटून घ्यायचे होते. आयपीएलमुळे आपल्याला लिलावाची सवय झालेली. इथे मात्र हातोडा नव्हता, बोली नव्हती. इथे होता ड्राफ्ट.

आता ड्राफ्ट म्हणजे काय? ते आपल्या सगळ्यांना येतं, फक्त नाव माहीत नसतं. गल्लीत दोन कॅप्टन समोरासमोर उभे राहायचे. 'पहिला मी घेणार' यावरून भांडण, मग छापा-काटा, मग एक तुझा, एक माझा. शेवटी कुणालाच नको असलेला धाकटा भाऊ उरायचा, तो 'कच्चा लिंबू'. हाच प्रकार वकिलांकडून लिहून घेतला आणि खाली सह्या केल्या की त्याला ड्राफ्ट म्हणतात.

याची सुरुवात अमेरिकन फुटबॉलमधली. फिलाडेल्फिया ईगल्स नावाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सतत हरायचा. चांगले खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या आणि आधीच जिंकणाऱ्या संघांकडेच जायचे. बेल यांनी सुचवलं की विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी आणि मागच्या वर्षी जो सगळ्यात खाली राहिला त्याने पहिली निवड करावी. पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. पहिली पाळी अर्थातच ईगल्सची. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर नावाचा गाजलेला खेळाडू निवडला. आणि गंमत बघा, पैशाचं काही जमलं नाही आणि इतिहासातला हा पहिला 'ड्राफ्टेड' खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! त्याने सरळ नोकरी धरली. आपल्या आई-वडिलांना हा मुलगा फार आवडला असता.

कॅनडातही फुटबॉलची वेगळी लीग आहे आणि तिचाही दरवर्षी ड्राफ्ट असतो. त्याचं वैशिष्ट्य असं की तो कॅनडाच्या खेळाडूंसाठी राखलेला आहे. शेजारच्या अमेरिकेतून खेळाडूंचा लोंढा येतो, म्हणून प्रत्येक संघात ठरावीक संख्येने कॅनेडियन असलेच पाहिजेत असा नियम आहे, आणि ते मुख्यतः या ड्राफ्टमधून, म्हणजे विद्यापीठांतून येतात. मला त्यातली एक सोय विशेष आवडते. निवड झाल्यावरही मुलाच्या खेळण्याची वर्षं शिल्लक असतील तर तो विद्यापीठात परत जाऊन खेळू शकतो आणि शिकू शकतो. संघाचा हक्क राहतो आणि डिग्रीही बुडत नाही.

माझा व्यवसाय कॉम्प्युटरचा, त्यामुळे दोन मिनिटं अल्गोरिदमबद्दल बोललो नाही तर चुकल्यासारखं वाटेल. समजा सहा संघ आहेत. पहिल्या फेरीत क्रम एक ते सहा. दुसऱ्या फेरीतही एक ते सहाच ठेवला तर पहिल्याला प्रत्येक वेळी मलई आणि सहाव्याला प्रत्येक वेळी खरवड. म्हणून काही ठिकाणी दुसरी फेरी उलटी घेतात, सहा ते एक. तिसरी पुन्हा सुलटी. कागदावर रेघ ओढली तर सापासारखी नागमोडी दिसते, म्हणून त्याला 'स्नेक' म्हणतात. दुसरी पद्धत बेल यांची, शेवटचा तो पहिला. हेतू दोन्हींचा एकच, सगळे संघ साधारण बरोबरीचे व्हावेत.

आता इथे नीट लक्ष द्या. बरोबरी कुणामध्ये? संघांमध्ये. खेळाडूला काय वाटतं, त्याला घराजवळ खेळायचंय की मित्राच्या संघात जायचंय, हा प्रश्न या गणितात कुठेच येत नाही. ड्राफ्टचा न्याय हा संघमालकांचा आपसातला न्याय आहे. खेळाडूला त्यातून काही मिळतं का, हे वेगळं तपासावं लागतं. खो-खोपुरतं ते आपण तपासून बघू.

पुण्यातल्या त्या ड्राफ्टमध्ये खेळाडूंचे चार गट केले होते आणि प्रत्येक गटाचा मोबदला आधीच ठरलेला होता. 'अ' गटाला ५ लाख रुपये, 'ब' ला ३ लाख, 'क' ला दीड लाख आणि 'ड' ला १ लाख. म्हणजे तुम्हाला कुठल्याही संघाने घेतलं तरी रक्कम तीच. तेव्हाच्या भावाने ५ लाख म्हणजे सुमारे सव्वासहा हजार युरो आणि १ लाख म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. आपल्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण जो खेळ शाळेत सगळे खेळतात आणि शाळा सुटल्यावर कुणी बघत नाही, त्या खेळातल्या 'ड' गटाच्या मुलाला तीन आठवड्यांच्या स्पर्धेचे १ लाख, आणि वर टीव्हीवर आईने बघितलं ते निराळंच.

स्पर्धा १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२ या काळात पुण्याच्या बालेवाडीत झाली. आपण नऊ जणांचा खो-खो खेळलो, यांनी सात जणांचा केला. शिवाय 'वजीर' आणला, जो कुठल्याही दिशेने पळू शकतो. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली असतील, पण सामने बघण्यासारखे झाले. अंतिम सामना ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज यांच्यात. शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा तेलुगू संघ ४५-४३ असा पुढे होता. तेवढ्यात ओडिशाच्या सूरज लांडेने हवेत सूर मारून अवधूत पाटीलला बाद केलं, त्या एका गड्याचे तीन गुण मिळाले आणि ओडिशाने ४६-४५ असा सामना जिंकला. एक कोटीचं बक्षीस ओडिशाला!

आता नावं परत ऐका. लांडे, पाटील. हरलेल्या तेलुगू संघाचा कर्णधार कोण? पुण्याचा प्रतीक वाईकर. चेन्नईकडून गाजलेला रामजी कश्यप हा सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा. आणि 'मुंबई खिलाडीज' नावाचा संघ पहिल्या चारांतसुद्धा आला नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. ड्राफ्टचा हाच तर परिणाम. महाराष्ट्रातली शाळेची मैदानं आणि जुनी क्रीडा मंडळं यांनी तयार केलेले खेळाडू सहा संघांत विखुरले गेले, म्हणून शेवटपर्यंत कोण जिंकणार ते कळेना. सगळे एकाच संघात गेले असते तर स्पर्धा पहिल्या आठवड्यातच संपली असती.

पण दुसरी बाजूही आहे. कबड्डीने लिलाव स्वीकारला. २०१४ साली प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता, पाटण्याने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट! ड्राफ्टच्या ठरलेल्या भावात हे घडलं नसतं. क्रिकेटचं तर विचारूच नका. २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले, म्हणजे खो-खोच्या 'अ' गटाच्या ५४० खेळाडूंचा मोबदला एकट्याला. लिलाव वरच्याला खूप वर नेतो. ड्राफ्ट वरच्याला धरून ठेवतो, पण खालच्याला आपली किंमत आधीच माहीत असते. 'न विकलेला' असा शिक्का कपाळावर घेऊन कुणी घरी जात नाही, असं मात्र समजू नका. ड्राफ्टमध्येही नाव न पुकारलेले असतातच, फक्त हातोड्याचा आवाज होत नाही.

आणि पाळीचा क्रम म्हणजे गुणवत्तेचा क्रम असंही नाही. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८ मध्ये, १९ वर्षांखालच्या मुलांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. दिल्लीला आपल्या घरच्या मुलाला घेण्याची संधी होती. पण सेहवाग, गंभीर असे फलंदाज त्यांच्याकडे होतेच, हवा होता गोलंदाज. त्यांनी प्रदीप सांगवानला निवडलं. मागे राहिलेल्या त्या दिल्लीच्या मुलाला बंगळुरूने घेतलं. त्याचं नाव विराट कोहली! दिल्लीचं गणित त्या दिवशी चुकीचं नव्हतं. त्यांनी गरज बघितली. निवड म्हणजे निवडणाऱ्याची गरज, आपल्या मुलाची लायकी नव्हे, एवढं यातून शिकलो तरी पुरे.

मंडळी, मला खरं महत्त्वाचं वाटतं ते यापुढे. लीग चालते तीन आठवडे. उरलेल्या एकोणपन्नास आठवड्यांचं काय? इथे महाराष्ट्राचा जुना, बिननावाचा ड्राफ्ट कामाला येतो. दहावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण, आणि रेल्वेसारख्या खात्यांतली खेळाडूंची भरती. खेड्यातल्या मुला-मुलीने खो-खो जीव तोडून खेळायचा तो या आशेवर. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे बघा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी सेवेत गेली. तिच्या वाट्याला ना लिलाव आला ना ड्राफ्ट. कारण अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगाम, २०२२ चा आणि २०२३-२४ चा, फक्त पुरुषांचे होते.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७८ गुण करणाऱ्या मुलींची यादी तेव्हा कुठल्याच मालकाच्या टेबलावर नव्हती. ड्राफ्ट न्याय्य की अन्याय्य यावर आपण तासभर वाद घालू शकतो, पण यादीतच नाव नसेल तर कितवी पाळी याला काय अर्थ? आपण राहतो त्या देशाचा कोर्फबॉल आठवा. १९०२ साली ॲमस्टरडॅममधले एक शाळामास्तर निको ब्रुखाउझेन यांनी तो काढला आणि पहिल्यापासून मुलगे-मुली एकाच संघात ठेवले. आजही चार पुरुष आणि चार स्त्रिया. आपला खो-खोही शाळेतलाच खेळ. मास्तरांनी मनावर घेतलं तर काय होतं ते इथे दिसतं.

शेवटचा मुद्दा घरचा. आपल्या मुलांचाही ड्राफ्ट होतोच आहे. मे-जून आला की फुटबॉल क्लबात सिलेक्शनचे ट्रेनिंग सुरू होतात. आठ वर्षांचं पोर 'जेओ ९-१' मध्ये गेलं की 'जेओ ९-३' मध्ये, यावरून घरात सुतक किंवा पेढे! तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. निवडणाऱ्याची गरज काय होती? निवड झाली नाही तरी त्याला खेळायला मैदान आणि मित्र मिळणार आहेत ना? आणि खेळ सुटला तर पुढच्या दिवसाची सोय आहे ना? इथल्या क्लबांचा मोठेपणा हा की तिसऱ्या संघालाही शनिवारी मैदान मिळतं, पंच मिळतो आणि जर्सी मिळते. म्हणजे कच्च्या लिंबालाही पूर्ण डाव!

आपण मराठी माणसं पहिल्या पाच नंबरांवर फार प्रेम करतो. बर्वँगर पहिला आला आणि खेळलाच नाही. कोहलीला घरच्यांनी सोडलं आणि पुढचा इतिहास आपण जाणतोच. तेव्हा पाळीची चिंता थोडी कमी करू या. आपल्या पुढच्या मेळाव्यात एक चौकोन आखून, दोन खांब रोवून खो-खोचा सामना ठेवावा अशी माझी मंडळाला जाहीर विनंती आहे. मुलगे-मुली एकत्र, आई-बाबांसकट. संघ पाडायला ड्राफ्ट घेऊ, आणि पहिली पाळी सगळ्यात लहान मुलाला देऊ.

जेवणाचा वास यायला लागला आहे, तेव्हा थांबतो. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.