आढे आणि खांब

बल्लारशाच्या डेपोत सागाचा लिलाव चालू असताना तुमच्यापैकी कुणी कधी उभे राहिले आहे काय? राहिले असाल तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. नवखा गिऱ्हाईक सर्वांत जाड लठ्ठा पाहतो आणि त्याच्याभोवतीच घुटमळतो. मुरलेला गिऱ्हाईक मात्र आधी खिशातले पैसे मोजतो, मग घरी काय उभे करायचे आहे ते आठवतो, आणि त्यानंतर लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडाशी वाकून तो आतून पोकळ तर नाही ना, हे पाहतो. आमच्या शेजारच्या काकाजींचे आयुष्य लाकडातच गेले. ते म्हणतात, "आडं कितीबी भारी आना, खांबच नाही तं ठेवसान कुठी?"

काकाजींचे हे बोल मला दरवर्षी आठवतात. मात्र ते सागाच्या लिलावात नव्हे, तर कबड्डीच्या लिलावात!

होय, कबड्डीच्याच. ज्या खेळाला आपल्या आजोबांनी हुतूतू म्हटले, धान कापून झाले की बांधीत चुन्याच्या रेघा मारून जो आपण खेळलो, त्या खेळातले गडी आता बोली लावून घेतले जातात. प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत होती 12 लाख 80 हजार रुपये. अवघ्या 4 वर्षांत, म्हणजे 2018 साली, मोनू गोयतसाठी 1 कोटी 51 लाख मोजले गेले. 2023 साली पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांच्या वर गेली. मी काही या खेळाचा पंडित नव्हे, साधा शौकीन आहे. पण शौकिनालाही मत असते, आणि आज ते मी तुमच्यापुढे मांडणार आहे.

माझे मत असे, की आपण चढाईपटूला फार मोठे केले आणि पकड करणाऱ्याला विसरलो.

आता हे जरा उलगडून सांगतो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून एकटाच सात जणांच्या अंगणात शिरतो. दम घेत, 30 सेकंदांत कुणाला तरी शिवून परत यायचे असते. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात. त्याला टाळी मिळते, फोटो मिळतो आणि कोटीही मिळतात. पण तो पकडला गेला म्हणजे काय होते? तो बाहेर जाऊन बसतो. कितीही मोठा असला तरी स्वतःच्या बळावर त्याला परत येता येत नाही. त्याच्या संघातल्या दुसऱ्या कुणीतरी समोरचा गडी बाद करावा, तेव्हाच तो पुन्हा आत येतो. म्हणजे दोन कोटींच्या गड्याला जिवंत करणारा बहुधा कोपऱ्यात उभा असलेला, घोट्यावर झडप घालणारा पोऱ्या असतो. तो कोपरा कच्चा असेल, तर दोन कोटी बाकावर बसून घाम पुसत राहतात.

याचे दाखले शोधायला दूर जायला नको. आपल्या सिरोंचा भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, आणि प्राणहिता ओलांडली की तेलंगणच. तेव्हा तेलुगू टायटन्स हा संघ आपल्याला परका वाटत नाही. मीही त्याच्यावर जीव लावला आणि पुष्कळ रडलोसुद्धा. 2019 साली त्यांनी कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाखांना घेतले. आदल्याच हंगामात तो यू मुंबाकडून खेळला होता. तेव्हा त्याची किंमत होती 36 लाख 40 हजार आणि चढाईचे गुण होते 218. टायटन्सकडेही त्याने दोनशेवर गुण केले. पोराने आपले काम चोख बजावले, पण संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. बरे, ठेच लागल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. 2023 साली याच टायटन्सनी पवन सेहरावतला घेतले. संघाची सारी थैली 5 कोटींची, आणि त्यातली निम्म्याहून अधिक एकाच गड्यावर रिती झाली! पवननेही दोनशेवर गुण केले. संघ मात्र 22 सामन्यांत अवघे 2 जिंकून सर्वांत शेवटी राहिला. भारी आढे आणले, पण खांब कुठे होते?

यावर तुम्ही म्हणाल, "भाऊ, त्याच लिलावात पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले होते, आणि पलटणनेच तर अजिंक्यपद मिळवले. मग महाग गडी वाईट कसा?" प्रश्न रास्त आहे. महाग गडी वाईट असतो असे मी म्हणतच नाही. पण पलटणने काय केले होते ते पाहा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, त्याच्या जोडीला मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी तरुण पोरे त्यांनी आधीच जमवली होती, सांभाळली होती, एकमेकांच्या सवयीची केली होती. घर उभे होते, एक खांब हवा होता, आणि तो त्यांनी घेतला. शिवाय हेही लक्षात घ्या, की शादलूचा खरा दरारा चढाईत नाही, डाव्या कोपऱ्यातल्या पकडीत आहे. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव केला. पुढच्या लिलावात त्याच हरियाणाने शादलूला 2 कोटी 7 लाखांना आपल्याकडे नेले, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद हरियाणाकडे गेले. कोपऱ्याची किंमत यापेक्षा स्पष्ट कशी सांगावी?

दुसरा एक दाखला तर मला फारच आवडतो. 2022 साली तमिळ थलैवाजने याच पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सारा हंगाम हातचा गेला. आता हा संघ बुडाला, असे सर्वांनाच वाटले. पण नरेंदर नावाच्या नव्या पोराने चढाईची धुरा उचलली, सागर राठी आणि साहिल गुलिया यांनी कोपरे राखले, आणि तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. लिलावाच्या दिवशी त्या नरेंदरसाठी कुणी कोटी मोजले होते काय?

अमेरिकेत त्यांचा एक फुटबॉल आहे. तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. चेंडू कुणाकडे फेकायचा हे तो ठरवतो, आणि आपल्या चढाईपटूसारखाच तोही सर्वांचा लाडका. मात्र तिथे नव्या पोरांचा लिलाव होत नाही, निवड होते. 1936 सालापासूनची रीत अशी, की आदल्या वर्षी जो संघ तळाला राहिला, त्याने पहिले बोट ठेवायचे. मला ही रीत न्यायाची वाटते. आपल्याकडेही नव्या पोरांपुरती ती आणावी, असे मी म्हणेन. पण बोट ठेवणाऱ्यांची नजर तिथेही चुकतेच. टॉम ब्रेडी नावाचा क्वार्टरबॅक 2000 साली 198 जणांची नावे पुकारून झाल्यावर निवडला गेला, आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदे मिळवली. निवडणारा हुशार असतोच असे नाही. त्याच्या हाती फक्त यादी असते.

श्रोतेहो, हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावचा संघ निवडायला तिघे जण बसलो होतो, त्यात मी एक. शेवटच्या जागेसाठी दोन पोरे होती. एक उंच, देखणा, उडी मारून रेषा ओलांडणारा. दुसरा बुटका, अबोल, उजव्या कोपऱ्यात उभा राहणारा. त्याने एकदा घोटा धरला की सुटका नसे. मी म्हणालो, "लोक चढाई पाहायला येतात." आम्ही उंच पोराला घेतले. अंतिम सामन्यात आमचा मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला, आणि त्याला परत आणणारी पकड कुणाच्याच हातून होईना. आमच्यावर लोण चढला, मग दुसरा चढला, आणि आम्ही हरलो.

हरल्याचे मला दुःख नाही. त्या आठवड्यात तो बुटका पोरगा आईबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेला. परत आल्यावर मी त्याला मैदानावर बोलावले, तर म्हणाला, "आता काहून जी? तवा तं तुमाले कोपरा नव्हता पायजे." तो पुन्हा कधी खेळला नाही. त्या दिवशी मला कळले, की निवड करणारा केवळ सामना हरत नाही, कधी कधी तो माणूसही गमावतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत अशी पोरे पुष्कळ आहेत. त्यांचे पाय जंगलाने घडवलेले आहेत. पण ती मातीत अनवाणी खेळतात, आणि मोठ्या संघांचा खेळ चालतो मॅटवर, बूट घालून. मातीत पक्की बसणारी पकड मॅटवर निसटते. ती नव्याने शिकावी लागते. म्हणून माझे मागणे कोटींचे नाही. तालुक्याला एक मॅट असावी, तिच्यावर खेळायला बूट मिळावेत, आणि निवडीला बसणाऱ्यांनी चढाईचे गुण लिहितात तसे पकडीचेही वहीत लिहावेत. एवढे झाले तरी पुरे आहे.

लिलावातल्या किमतीचे काय घेऊन बसलात! 2 कोटी 60 लाखांचा पवन 2025 साली 59 लाख 50 हजारांना गेला. एका हंगामात 369 गुण करणाऱ्या परदीप नरवालवर तर त्याच लिलावात कुणी बोलीच लावली नाही. भाव चढतात, उतरतात. कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराकडे वेळेवर कुणी पाहिले की नाही, एवढेच शेवटी उरते.

तेव्हा यंदा गावात सामने भरतील, तेव्हा एक करा. चढाईपटूला टाळी द्याच. पण त्याला परत आत आणणाऱ्याचे नावही विचारून घ्या. मी ते त्या वेळी विचारले असते, तर आज हे बोलावे लागले नसते.