जुना लॅपटॉप : ठेवावा की बदलावा?



या व्यासपीठावरून वेदान्तापासून विश्वविस्तारापर्यंत मोठमोठे विषय होऊन गेले. आमचा आजचा विषय जेमतेम सव्वा शेर वजनाचा आहे. घरातला पातळ, हलका लॅपटॉप जुना झाला. तो ठेवावा की बदलावा, एवढाच प्रश्न. परंतु शिरूर-दौंडकडच्या पुष्कळ घरांत तो आज पडलेला आहे, आणि चाळीस-पन्नास हजार रुपये ही रक्कम हातून सहज सुटणारी नव्हे. म्हणून आमच्या घरची हकीकत सांगतो. तीत आमची स्वतःची फारशी शोभा नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हे यंत्र आम्ही २०१६ साली घेतले. त्या वेळी नोकरीसाठी आम्ही रोज शिरूरहून पुण्यास जात-येत होतो. शिरूरला रेल्वे नाही. नगर रस्ता आणि एस्. टी., एवढाच मार्ग. वाघोलीच्या गर्दीत मांडीवर पिशवी घेऊन तास तास बसणाऱ्यालाच अर्ध्या किलोची किंमत कळते. त्याच पैशांत जाडजूड आणि अधिक ताकदीचे यंत्र मिळत होते. आम्ही मात्र ज्यादा पैसे मोजले ते हलकेपणासाठी. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, कारण पुढे आम्हीच ती विसरलो.

या पातळपणाची हौस जगाला लावली ती २००८ च्या जानेवारीत. अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्झने सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप बाहेर काढून दाखविला आणि सभागृह थक्क झाले. त्या लिफाफ्यात मावण्यासाठी यंत्राला काय सोडावे लागले, ते मागाहून कळले. त्याची मेमरी मुख्य पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली होती. वाढवायची म्हटली तरी वाढविता येत नव्हती. यात सगळीच लबाडी आहे असे आम्ही म्हणणार नाही. खाचेत बसणाऱ्या मेमरीला जागा जास्त लागते, आणि डाख दिलेल्या जातीच्या मेमरीला वीज कमी लागते. परंतु खरेदीच्या दिवशी हे दुकानदार सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही.

असो. गेल्या वर्षी यंत्र फारच रेंगाळू लागले. बटण दाबावे, चहा टाकावा, चहा प्यावा, तरी पडद्यावर चक्र फिरतेच आहे! त्याच सुमारास दौंडच्या आमच्या भाचीला पुण्यात नोकरी लागली. आमच्या मनाने झटक्यात बेत केला : साठवलेल्या अठ्ठेचाळीस हजारांत आपण नवे यंत्र घ्यावे आणि जुने भाचीला द्यावे. अडगळही जाईल आणि मामाचा मोठेपणाही होईल. फोन केला, तर पोर बिचारी म्हणाली, “मामा, काहीही चालेल मला.” आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, “द्यायच्या आधी ते उघडून तर बघा, आत काय उरलंय!”

म्हणून बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्या तरुणाने पहिला प्रश्न विचारला, “काका, हळू चालतंय म्हणजे नक्की काय करताना?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. श्रोतेहो, येथेच आपली पहिली चूक होते. यंत्र ‘जुने झाले’ असे आपण म्हणतो. पण सगळे यंत्र एकदम जुने होत नाही. पूर्वी मनमाडकडून पुण्यास जाणारी गाडी दौंडला थांबे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकास लावीत, आणि त्याच डब्यांतून गाडी पुढे निघे. आपल्याही यंत्रात कोणते इंजिन आणि कोणते डबे, हे आधी पाहावयास हवे.

त्याने पाहिले. गणकाचा वेग बरा होता, पण पंख्यात आपल्याकडची धूळ इतकी साचली होती की यंत्र तापे, आणि तापले की स्वतःला जपण्यासाठी आपणहून मंद होई. साफसफाईचे काम अर्ध्या तासाचे. साठवणीची जागा जवळजवळ भरलेली. ती रिकामी करता येण्याजोगी. जुन्या फिरत्या चकतीचे यंत्र असते तर चकती काढून एस्एस्डी बसविल्याने ते पुन्हा धावू लागले असते, पण आमच्यात ती पहिल्यापासूनच होती. खरे दुखणे मेमरीचे. ती चार जीबी, आणि नुसती बँकेची व वर्तमानपत्राची पाने उघडली तरी ती भरून जाई. खाच नाही, म्हणजे औषध नाही. आणखी एक गोष्ट त्याने बोटाने दाखविली : बोट फिरविण्याची पट्टी किंचित वर आली होती. खाली बॅटरी फुगली होती! हे लक्षण कोणाच्या घरी दिसले तर एक दिवसही थांबू नये. फुगलेली लिथियमची बॅटरी दाबू नये, टोचू नये, भंगारात टाकू नये. ती पेट घेऊ शकते.

याहून मोठी अडचण बाहेरून आली. विंडोज १० ला सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. घरगुती वापरासाठी वर्षाची मुदतवाढ मिळाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ आमचे यंत्र घेईना. त्याला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे गणक लागतात आणि आमचे सहाव्या पिढीचे. चालते यंत्र कॅलेंडरावरील एका तारखेने म्हातारे ठरावे, याचा आम्हांस राग आला, अजूनही आहे.

तेव्हा त्या तरुणाने लिनक्स मिंट सुचविले. फुकट, हलके, आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते; आतले काही पुसावे लागत नाही. आठ दिवस आम्ही तसेच चालवून पाहिले. अडले ते मराठीपाशी. मंडळी बचत गटाची इतिवृत्ते श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये लिहीत आली आहे. तो फाँट नसला की तीच इतिवृत्ते इंग्रजी अक्षरांची अगम्य रास दिसतात. म्हणून जुने विंडोज पुसण्यापूर्वी सगळी पाने युनिकोडमध्ये आणली. रफार आणि जोडाक्षरे जागोजाग मोडली. ती मंडळीने चष्मा लावून तीन आठवडे दुरुस्त केली. यंत्र बदलताना आपल्या माणसांच्या श्रमांचा हिशेब कोणत्याच दरपत्रकात नसतो.

इतके झाल्यावर आम्ही जुने यंत्र घेऊन न्हावरे-चौफुल्यावरून दौंडला गेलो. दुसऱ्या दिवशी भाचीबरोबर सकाळच्या गाडीने पुण्यापर्यंत प्रवास केला. पाटसपर्यंत बसावयास मिळाले. केडगावला एका आजीबाईंना तिने जागा दिली आणि ती थेट पुण्यापर्यंत उभी राहिली, खांद्यावर पिशवी. संध्याकाळी परतीच्या गाडीतही तेच, आणि राहिलेले काम डब्यात करावयाचे. डब्यात तारेला लावून बसण्याची सोय कुठली! हलकेपणा आणि टिकणारी बॅटरी, जे आम्ही २०१६ साली पैसे देऊन घेतले होते, ते आता तिला हवे होते. आणि आम्ही तिला देत होतो काय? फुगून गेलेली बॅटरी आणि वाढ न होणारी मेमरी.

घरी येऊन हे सांगितले, तेव्हा मंडळी एवढेच म्हणाली, “तुम्हांला आता रोज कुठं जायचंय?”

आम्ही २०२४ साली निवृत्त झालो, श्रोतेहो. ते घरात सर्वांना ठाऊक होते, बहुधा आम्हांलाच नव्हते.

मग बेत उलटा केला. अठ्ठेचाळीस हजारांत आणखी सात हजार घालून भाचीला नवे हलके यंत्र घेतले. मेमरी पहिल्याच दिवशी सोळा जीबी घेतली, कारण याही यंत्रात ती डाख दिलेलीच आहे आणि मागाहून वाढणार नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपा जगभर महागल्या, त्याची झळ आम्हांसही लागली. आमच्या जुन्या यंत्रात साडेतीन हजारांची नवी बॅटरी बसविली, जवळच एक जुना पडदा आणि कळफलक जोडला, आणि ते टेबलावर कायमचे विराजमान झाले. व्हिडिओ पाहताना ते अजून धापा टाकते. इतिवृत्ते, पत्रे, बँकेची कामे यांना मात्र पुरते. आणखी किती वर्षे पुरेल, हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही.

भाचीचा पहिल्या दिवशी फोन आला तो परतीच्या गाडीतून. मागे चाकांचा खडखडाट. म्हणाली, “मामा, उरुळी गेली, अजून बासष्ट टक्के आहे!”