बिभा चौधुरी : प्रवेशानंतरची वाट



‘पहिली स्त्री’ हे शब्द कानी पडले की आपण टाळ्या वाजवतो. अवश्य वाजवाव्यात, पण पुढे त्या स्त्रीचे काय झाले, हे विचारण्याची आपल्याला फारशी सवय नाही. आज आम्ही तेवढाच प्रश्न एका चरित्राला विचारणार आहोत.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ साली कलकत्त्यात झाला. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम. एस्‌सी. झालेल्या त्या एकट्याच स्त्री. पुढे देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली त्या विश्वकिरणांचा अभ्यास करू लागल्या. साधन साधेच, छायाचित्रणाच्या काचा! दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी त्या महिनेच्या महिने ठेवायच्या. आकाशातून आलेला कण काचेवरच्या लेपातून गेला की मागे खुणा ठेवून जातो. काच धुऊन त्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. अशा मोजणीतून या गुरुशिष्यांनी इलेक्ट्रॉनहून जड पण प्रोटॉनहून हलक्या अशा मेसॉन कणाचे वस्तुमान ठरवू पाहिले. त्यांचे लेख १९४१ व १९४२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

अचूकतेसाठी आता अधिक संवेदनशील काचा हव्या होत्या. पण महायुद्ध पेटले होते. तशा काचा मिळेनात. काम तेथेच अडले. युद्धानंतर ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांच्या गटाने सुधारलेल्या काचा वापरून १९४७ साली पाय-मेसॉन शोधला, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक पॉवेल यांना मिळाले. कोणी कोणाचे पारितोषिक पळवले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पॉवेल यांनी आपल्या ग्रंथात बोस-चौधुरींच्या कामाची दखल घेतली आहे. विसर पडला तो त्यांच्या देशबांधवांना.

१९४९ साली बिभाबाई होमी भाभांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तेथील पहिल्या स्त्री-संशोधक त्याच. मुंबईकरांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? १९९१ साली त्या निवर्तल्या. २०१९ साली षडंश तारकासमूहातल्या एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळाले, तेव्हा कोठे लोक विचारू लागले, या बिभा कोण?

काचांची अडचण गुरूंनाही होतीच, हे खरे. पण म्हणूनच सांगतो, मुलीला विज्ञानशाखेत प्रवेश मिळाला म्हणजे आपले कर्तव्य संपत नाही. आपल्या गावच्या महाविद्यालयात दहा मुलींमागे सूक्ष्मदर्शक किती? संध्याकाळी प्रयोगशाळा त्यांना उघडी असते काय? त्यांनी केलेल्या कामावर त्यांचे नाव लागते काय? घरी जाताना हे प्रश्न बरोबर न्यावेत, आणि उद्या संस्थाचालकांना विचारावेत. ताऱ्याला नाव देणे चांगलेच. पण हाती वेळेवर काच देणे त्याहून अगत्याचे.