वाचमनच्या हाती पक्कड, जबाबदारी कोणाची?

(मलकपेठ विभागाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इंजिनिअर नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकून. विजेवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या अपार्टमेंटचे हिशेब माझ्याकडे आहेत आणि त्या वहीतली एक नोंद मला दोन वर्षे टोचते आहे : ‘वाचमन, औषधोपचार, रु. 2000.’

ऐन पावसाळ्यात पाण्याची मोटार बंद पडली. सकाळची वेळ, नळाला पाणी नाही, प्रत्येकाला ऑफिसची घाई. वाचमनला हाक मारली. महबूबनगरकडचा माणूस. झाडलोट, गाड्या धुणे, लिफ्ट, मोटार, सगळे तोच बघतो. सेलरमध्ये ओल, हा अनवाणी. स्टार्टरचे झाकण उघडून आत हात घातला आणि फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून वाचला. दोन बोटे मात्र आजही नीट वळत नाहीत. ‘बघ रे जरा’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

मग मी कायदा शोधला. तो नवा नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांतला 45 वा नियम हेच सांगत होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि त्यानंतरच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांतही तीच तरतूद आहे. सोप्या भाषेत सांगतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती वापराचे उपकरण बदलायला परवाना लागत नाही. अट एकच, त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकी सारे काम, मग ती नवी वायर असो, वाढीव पॉइंट असो की दुरुस्ती, सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचे; तेही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमनच्या हातून. मोटारचा स्टार्टर उघडून दुरुस्त करणे हे वाचमनचे काम नव्हतेच.

कोणी म्हणेल, फ्यूज तर त्याला घालता येतो ना? येतो. पण आपल्याकडे काय होते? फ्यूज वारंवार उडतो म्हणून बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार पिळून घालतात. आता फ्यूज उडत नाही, सगळे खूश! अहो, फ्यूज मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. भार वाढला की आधी त्याने वितळायचे, म्हणजे भिंतीतली वायर वाचते. जाड तार घातली की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. क्षमता बदलली, तिथेच ती सवलत संपली.

बँकेत चेक पास करण्याची प्रत्येकाची मर्यादा ठरलेली असते. मर्यादेबाहेरचा चेक मी पास केला आणि पैसे योग्य माणसाला गेले, तरी चूक ती चूकच. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे उत्तर इन्स्पेक्शनला चालत नाही. ते विजेला कसे चालेल?

आपण इथले जुने रहिवासी. निजामाच्या काळापासून आपल्या घराण्यांची घरे या शहरात आहेत. आजोबांच्या घरात चार दिवे आणि एक पंखा होता. आज त्याच वायरिंगवर ए.सी., गीझर, मिक्सर, फ्रीज चालतात. ज्यांनी घरे पाडून अपार्टमेंट उठवले, त्यांच्या सेलरमध्ये सगळ्यांचे मीटर आणि शेजारीच वाचमनची खोली, त्याची बायको-मुले. 18 मे 2025 रोजी चारमिनारजवळ गुलजार हौजला आग लागून 17 माणसे गेली, त्यांत आठ मुले होती. प्राथमिक अंदाज शॉर्ट सर्किटचाच होता. जुनी इमारत आणि अरुंद जिना म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

आपण सरकारकडे मराठी शाळांसाठी, भाषेच्या हक्कांसाठी जातो, तेव्हा नियमावर बोट ठेवून बोलतो. तोच नियम आपल्या जिन्याखाली पाळतो का? मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. मीटरच्या पुढे मालक आणि वापरणारे, म्हणजे आपणच. वाचमन ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याची नोकरी आणि खोली आपल्या हातात आहे. म्हणून ‘नाही’ आपणच म्हणायला हवे.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक अपार्टमेंटने परवानाधारक कंत्राटदार ठरवून त्याचा परवाना क्रमांक मीटरच्या बोर्डाजवळ लावावा. अर्थिंग आणि वायरिंग त्याच्याकडून दरवर्षी तपासून घ्यावे. दोन, गणपतीच्या मांडवाची रोषणाईदेखील त्याच मार्गाने व्हावी. खांबावरून तार ओढणारा पोरगा कितीही हुशार असो, त्याला थांबवावे. तीन, ज्या वाचमनला किंवा त्याच्या मुलाला हे काम शिकायचे आहे, त्याच्या प्रशिक्षणाचा आणि परमिटचा खर्च आपण उचलावा. फुकटात काम करून घेण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

आमच्या वहीतली ती नोंद मला खोडता येत नाही. तुमच्या वहीत ती येऊ नये, एवढीच विनंती.